घरी पाळावयाचे बदक : जातीची निवड

पानिपताजवळील काला अंब हे स्थान १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या रणसंग्रामामुळे मराठी वाचकास ठाऊक आहे. ज्या आम्रवृक्षावरून त्यास हे नाव पडले तो वृक्ष आता राहिलेला नाही. त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे. प्रस्तुत लेखात मात्र आपणांस त्या युद्धाचा नव्हे, तर त्या भूमीच्या हवामानाचा विचार करावयाचा आहे. भोवताली गहू व भात पिकविणारी सपाट जमीन आहे. मे-जून महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो, तर पौष-माघात दाट धुके व कडाक्याची थंडी पडते. अशा प्रदेशातील एखाद्या कुटुंबास अंगणात दोन-चार बदके पाळावयाची असतील, आणि ती मुलांशी मिळून-मिसळून राहावीत अशी इच्छा असेल, तर त्याने कोणती जात निवडावी? उन्हाळ्यापुरते पाहता हाच प्रश्न विदर्भातील वाचकाचाही आहे.

प्रथम पाळीव बदकांचे मूळ पाहू. जगातील बहुतेक सर्व पाळीव जाती मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून उत्पन्न झाल्या आहेत. या रानबदकाच्या नराचे डोके चकचकीत हिरवे असते आणि हिवाळ्यात हे पक्षी उत्तर भारतातील पाणथळ जागी उतरतात. मस्कोव्ही हे बदक तेवढे निराळे. त्याचे पूर्वज मध्य व दक्षिण अमेरिकेतील आहेत. या दोहोंचा संकर होऊ शकतो, परंतु त्यापासून होणारी संतती वांझ असते. मनुष्याने शेकडो पिढ्या निवड करून कोठे अंडी वाढविली, कोठे मांस वाढविले. आणि त्याबरोबर पक्ष्याचा स्वभावही पालटत गेला.

आपल्याकडे सुधारित जातींपैकी खाकी कॅम्पबेल ही विशेष प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील श्रीमती कॅम्पबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी ती तयार केली. चांगली निगा राखल्यास मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. वजन सुमारे दोन किलोग्रॅम असल्याने ती चपळ असते, परंतु किंचित भित्रीही असते. शिवाय ती सहसा खुडूक बसत नाही. इंडियन रनर ही उभ्या बांध्याची जात. नावात ‘इंडियन’ असले तरी तिचे मूळ इंडोनेशियाच्या बेटांत आहे. ती उत्तम अंडी देते, मात्र अनोळखी माणूस दिसताच सगळा थवा धावत सुटतो. चीनमधून आलेले शुभ्र पेकिन बदक याच्या उलट आहे. ते तीन ते चार किलोग्रॅम भरते, उडू शकत नाही आणि स्वभावाने शांत असते. मस्कोव्ही फारसा आवाज करीत नाही; मादी स्वतः ३५ दिवस अंडी उबविते, तर इतर जातींच्या अंड्यांना सुमारे २८ दिवस पुरतात. परंतु तिची नखे तीक्ष्ण असतात आणि ती उडून कुंपणही ओलांडते. देशी जातींत आसामची पाती व बिहारची मैथिली यांची अधिकृत नोंद झाली आहे. ही नोंद करणारी राष्ट्रीय संस्था पानिपतालगतच्या कर्नाल येथेच आहे.

तथापि, केवळ जात पाहून स्नेहशील बदक मिळत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत पिल्लू ज्या हलत्या व आवाज करणाऱ्या वस्तूच्या सान्निध्यात येते, तिलाच ते आई मानू लागते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी या घटनेचा सखोल अभ्यास केला. रानबदकाची पिल्ले आपल्यामागे यावीत म्हणून त्यांना स्वतः बदकासारखा आवाज काढीत फिरावे लागले होते. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. यावरून कोणी एकच पिल्लू आणून त्यास माणसाळविण्याचा मोह धरील, तर ते चूक होय. बदक हा थव्याने राहणारा पक्षी आहे. एकटे पिल्लू माणसाच्या सतत सहवासावाचून केविलवाणे ओरडत राहते, आणि मुले शाळेत गेली की त्यास कोणी उरत नाही. म्हणून निदान तीन पिल्ले एकत्र आणावीत व रोज हातावर दाणा देऊन त्यांचा विश्वास संपादन करावा. एका नरामागे चार ते सहा माद्या असाव्यात. नर अधिक झाल्यास माद्यांना इजा होते.

बदकास तळे असलेच पाहिजे असे नाही. मात्र चोच, नाकपुड्या व डोळे बुडतील इतके खोल पाणी नित्य हवे. कोरडे खाद्य घशात अडकू नये म्हणून पाणी खाद्याजवळच ठेवावे. पक्ष्याला घाम येत नाही. तो धापा टाकून व पाण्यात पाय बुडवून अंगातील उष्णता घालवितो. म्हणून उन्हाळ्यात दाट सावली आवश्यक आहे, आणि पेकिनसारख्या जड जातीस तर ती अधिकच. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश ऊब द्यावी व पुढे ती क्रमाने कमी करावी. रात्री मुंगूस, मांजर व कुत्रे यांपासून रक्षण करणारे बंदिस्त, कोरडे खुराडे असावे.

खाद्यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. बदकाच्या पिल्लांना नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक लागते. ते न मिळाल्यास पाय वाकडे होतात. दुसरी गोष्ट बुरशीची. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, बदकांची पिल्लेही मेली. शोधाअंती शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, त्यास कारण ठरले. म्हणून दमट वास येणारी पेंड किंवा मका बदकांस कदापि घालू नये.

आरोग्याचा विचार केवळ पक्ष्यापुरता नाही. भारतात पाळीव पक्ष्यांमधील बर्ड फ्लू प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला, तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. बदक काही वेळा कोणतेही लक्षण न दाखविता हा विषाणू वाहून नेते. म्हणून हिवाळ्यात आपली बदके रानबदके उतरणाऱ्या गावतळ्यावर सोडू नयेत. अनेक पक्षी एकाएकी दगावल्यास मृत पक्ष्यांस हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे. बदकांस हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

सारांश, अंडी हवी असतील तर खाकी कॅम्पबेल घ्यावे. शांत सोबती हवा असेल आणि सावली-पाण्याची सोय असेल तर पेकिन घ्यावे. शेजाऱ्यांस आवाजाचा त्रास नको असेल आणि कुंपण उंच असेल तर मस्कोव्ही योग्य. परंतु निवडीपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : बदक आठ-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. पिल्लू आणणारे मूल तोवर तरुण झालेले असेल. इतकी वर्षे त्याचे पाणी बदलण्याची ज्या घराची तयारी आहे, त्या घरीच ते आणावे.