फडावरचा रुग्ण आणि ‘चहापाणी’

आश्विन सरत आला, की साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरू लागतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ही कुटुंबे पाच-सहा महिने कोपीत राहतात. काम चुकले की ‘खाडा’ पडतो व त्याची रक्कम हिशेबातून कापली जाते. अशा रुग्णास दवाखान्यात येण्याची किंमत तपासणीपूर्वीच मोजावी लागते, हे आपण वैद्यांनी प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीचा एक अनुभव येथे नमूद करतो. प्रसूतीनंतर सहाव्या दिवशी एका तरुण स्त्रीस तीव्र ज्वर, ओटीपोटात शूल व दुर्गंधी स्राव अशा अवस्थेत माझ्याकडे आणले गेले. सूतिकाज्वराची ही अवस्था बाह्यरुग्ण विभागात हाताळण्याची नव्हे. तातडीने शासकीय रुग्णालयात न्या, असे सांगताच पतीने विचारले, “डॉक्टरसाहेब, तिथं आता किती द्यावे लागतील?” प्रसूती तेथेच विनामूल्य झाली होती. परंतु स्ट्रेचर ढकलणाऱ्यास, सफाई करणाऱ्यास आणि मुलगा झाला म्हणून ‘खुशी’ मागणाऱ्यास त्याने पैसे दिले होते. ती रक्कम मुकादमाकडून घेतलेली व उचलीत चढलेली. ज्वर चौथ्या दिवशीच आला होता. पुन्हा द्यावे लागेल या धास्तीने दोन दिवस गेले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मी तिला पाठविले. ती वाचली, परंतु ते दोन दिवस तिच्या जिवावर बेतू शकले असते.

अधिकृत तरतुदी

‘चहापाण्या’ची पावती नसते, दर ठरलेला नसतो, म्हणूनच त्याचे भय औषधाच्या खर्चाहून मोठे असते. वस्तुतः २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व ने-आण विनाशुल्क आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचारही निःशुल्क झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांस वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत विस्तारले. ही योजना राज्यव्यापी असल्याने बीडची शिधापत्रिका सांगली-कोल्हापुरातील अंगीकृत रुग्णालयातही चालते. अडचण एवढीच, की ती पत्रिका पुष्कळदा गावी पेटीत राहिलेली असते.

लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही अपराध ठरला आहे; मात्र बळजबरीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्यास संरक्षण आहे. परगावच्या मजुराने हे एकट्याने करावे, ही अपेक्षा मात्र अवास्तव होय. त्यासाठी स्थानिक वैद्याचा आधार हवा.

आपला वाटा

दोष केवळ शासकीय वॉर्डाचा नाही. सोनोग्राफी केंद्राकडून येणारे पाकीट हेही रुग्णाच्याच खिशातून येते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मीही ते स्वीकारले आहे; म्हणून हे उपदेशाच्या सुरात लिहीत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा पाहणीतील ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाड्याची धास्ती आणि व्यवसायातील लोभ एकत्र आले, की काय घडू शकते, याचा विचार आपण करावयास हवा.

चिकित्सेच्या चतुष्पादात चरकाचार्यांनी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व हे रुग्णाचे गुण सांगितले. त्यांत धनाचा उल्लेख नाही. वाग्भटाचार्यांनी मात्र ‘आढ्य’, म्हणजे संपन्न, हा गुण गणला. उपचारास द्रव्य लागते हे व्यवहारसत्य त्यांनी ओळखले. परंतु ‘अभीरुत्व’ हा गुण रुग्णाच्या अंगी यावा, तर त्याचे भय वाढविणारे आपण तरी नसावे.

करावयाच्या गोष्टी

हंगामात पहिल्याच भेटीत शिधापत्रिका व आधारकार्ड जवळ आहे का, हे विचारावे. रुग्णालयात पाठविताना चिठ्ठीवर निदान, दिलेली औषधे व आपला दूरध्वनी स्पष्ट लिहावा, आणि ‘तेथे पैसे लागत नाहीत, कोणी मागितल्यास मला कळवा’ असे तोंडीही सांगावे. आपण घेतलेल्या शुल्काची पावती द्यावी. टोळी केव्हाही दुसऱ्या गावी हलते, म्हणून मात्रा देवनागरीत लिहिलेला कागद रुग्णाजवळ असावा. औषधविक्रेत्यांनी मोठ्या बरणीचा आग्रह न धरता सात दिवसांपुरते लहान पॅक ठेवावे आणि बिल अवश्य द्यावे.

त्या पतीचा प्रश्न मी आजही विसरलेलो नाही. पुढील हंगामात तसा प्रश्न आपल्यापैकी कोणासमोर आला, तर त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असावे.