मुक्या जिवाचे दुखणे

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात मोडत असले, तरी तेथील भाषा व सणवार पुष्कळ अंशी वऱ्हाड-नागपूरचेच आहेत. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची घडी बसत असताना एका दुर्लक्षित प्रश्नाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

पोळ्याला या भागात बैलाची पूजा होते; राखण करणारा कुत्रा व उंदीर मारणारे मांजर मात्र कोणाच्या हिशेबी नसतात. कुत्रा अकस्मात अंगावर येऊ लागला की तो 'माजला' असे ठरते आणि पाठीत काठी बसते किंवा त्याला परगावी सोडून दिले जाते. मांजराने घरात घाण केली की त्याचीही तीच गत. वास्तविक कान, दात वा सांधे ठणकत असले तरी शांत कुत्रा चावतो. मूत्रमार्गाच्या विकाराने मांजर भलतीकडे लघवी करते. बोक्याची लघवी अडली, तर एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. रोग सोडून रोग्याला मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! शिवाय माराने भय वाढते आणि भ्यालेले जनावरच अधिक चावते.

यात माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. स्वभावात एकाएकी पडलेला फरक हे रेबीजचेही लक्षण असू शकते. अशा जनावरापासून दूर राहावे. चावा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून तत्काळ लस घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. गोमंतकात २०१४ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची व्यापक मोहीम चालली, तिचे सुफळ आपल्यासमोर आहे.

मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फिरती पशुचिकित्सा सेवा आहे. ती गाईम्हशींपुरती न मानता कुत्र्यामांजरांच्या वर्तनविकारांचेही शिक्षण तेथील वैद्यांना मिळावे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जबलपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. दोन्ही सरकारांनी मनावर घेतल्यास पांढुर्णा व सौंसर येथे त्याची नियमित शिबिरे भरविणे अवघड नाही. राज्याची सीमा माणसांनी आखली. तिच्यापायी मुक्या जिवाचे औषध अडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.