सरकारी कामात घासाघीस कोणाशी?



बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे तुम्हाला ठाऊकच आहेत. भाव दोघांनाच कळायचा. घरच्या पैशाला ते चालते; सरकारी काम मात्र सर्वांच्या पैशाने होते. तिथे भाव उघड ठरावा म्हणून निविदा मागवतात.

समजा, एका बांधकामाला तिघांनी दर भरले : नऊ लाख, साडेनऊ लाख आणि दहा लाख. निविदा उघडल्यावर साहेबांनी दहा लाखवाल्याला बाजूला घेऊन, 'तू पावणेनऊत कर' म्हटले तर? पैसे वाचल्यासारखे दिसतात. पण पुढच्या खेपेला खरा दर कोण भरील? सगळेच चढा दर भरतील आणि मागच्या दाराने बोलणी करतील.

म्हणूनच केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम सांगतात, की निविदा उघडल्यानंतर वाटाघाटी टाळाव्यात. अपवाद म्हणून करायच्याच, तर सर्वांत कमी दराच्या पात्र निविदाकाराशीच. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००७ च्या परिपत्रकात असे अपवाद दिले आहेत : वस्तू एकाच कारखान्याची असणे, पुरवठादार मोजकेच असणे, किंवा त्यांनी संगनमत केल्याचा संशय येणे. कमी दरवाल्याने माघार घेतली, तर निविदा नव्याने काढायची.

हे नियम केंद्राच्या कामांचे. राज्याचे आणि ग्रामपंचायतीचे नियम वेगळे. पण ग्रामसभेत विचारायचे प्रश्न तेच : निविदा किती आल्या? कमी दर कोणाचा? नंतर दर बदलला का, आणि कशासाठी? उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. रुमाल बाजूला सारणे आपल्याच हाती आहे.