मैफलीचे मुद्रण : कोणाचे धन?

गाण्याच्या बैठकीत गुपचूप ध्वनिमुद्रण करणारा रसिक हा चोर म्हणावा की ठेवा जपणारा, हा आजचा प्रश्न आहे. उत्तराची घाई नको. कारण आपल्या शेजारच्या मिरज-कोल्हापुराकडे पाहिले तरी दोन्ही बाजूंचे साक्षीदार उभे राहतात.

मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचा आवाज आज आपल्या कानी पडतो तो तबकड्यांमुळे. पण तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची! बैठकीत तासभर फुलणारा राग त्या डबीत कोंबावा लागे. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ १९४६ साली गेले, त्यांची तर तबकडीच निघाली नाही. त्यांच्या एखाद्या मैफलीत कोणी आगाऊ रसिक यंत्र घेऊन बसला असता, तर त्याला आज आपण शिव्या दिल्या असत्या काय? मला वाटते, त्याची पालखी काढली असती.

पण याच खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. मात्र मैफलीत यंत्र लावणे त्यांना मुळीच खपत नसे. (गंमत अशी की १९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षी बाई गेल्या.) हा निव्वळ लहरीपणा नव्हे. मैफल ही त्या संध्याकाळची, त्या श्रोत्यांसाठी असते. गवई तीत धाडस करतो, चुकतो, सावरतो. यंत्र ती चूक कायमची करून ठेवते. शिवाय घराण्याची चीज म्हणजे गवयाची मिळकत; ती कोणी कुठेही बसून उचलावी, हे त्याला कसे रुचावे?

आता कायदा पाहू. १९५७ च्या कायद्यात संगीतकृतीची व्याख्या छापलेल्या वा लिहिलेल्या स्वररचनेपुरती होती. म्हणजे कागदावरची चीज संरक्षित, आणि कंठातून उमटलेला दोन तासांचा विस्तार उघड्यावर! सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या एका निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या पदरी काहीच पडत नाही याबद्दल खंत नोंदवली. पुढे १९९४ ची दुरुस्ती झाली, ती १९९५ साली अमलात आली, आणि गायक-वादकाला स्वतःचा हक्क मिळाला. त्याची मुदत आधी पंचवीस वर्षे होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने पन्नास झाली. २०१२ साली आणखी एक भर पडली : आपल्या कलेबरोबर आपले नाव लागावे, आणि तिची विटंबना झाल्यास ती थांबवता यावी.

आता एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा या हक्काचा भंग नव्हे. तेव्हा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात वा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात संयोजकांनी मनाई केलेली नसेल आणि कोणी घरी ऐकण्यासाठी मुद्रण केले, तर एवढ्याने तो गुन्हेगार ठरत नाही. गुंता सुरू होतो तो मित्राला प्रत देताना, कारण सवलत आहे ती मुद्रण करणाऱ्याला, मित्राला नव्हे. आणि ते महाजालावर चढवले की ती सवलत उरतच नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला तुरुंगाची शिक्षा आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय ती कमी करू शकते, एवढेच.

पूर्वी स्पूल एका घरातून दुसऱ्या घरी जाई, तो ओळखीच्या माणसाच्या हाताने. देणारा घेणाऱ्याला पारखून घेई. ती पारख आता संपली. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांना स्वतंत्र जागाच दिली. अट एकच, पैसे करायचे नाहीत. आपल्याकडे असे उघडपणे विचारले तर किती कलावंत नाही म्हणतील? माझ्या मते फार थोडे. आणि जे म्हणतील त्यांचा नकार मानलाच पाहिजे, निदान त्यांच्या हयातीत.

मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या संगीतसभेत कलावंत हजेरी लावतात, ती सेवा म्हणून. ती सर्वांसाठी खुली आहे, म्हणून मुद्रणही सर्वांचे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. कलावंताने मानधन सोडले, हक्क सोडला नाही.

ज्यांच्या घरी जुन्या फिती आहेत त्यांनी प्रथम प्रत्येक डबीवर कोणाचे गाणे, कोणत्या गावी, कोणत्या साली, साथीला कोण, हे लिहून ठेवावे. चुकीच्या नावाने फिरणारी मुद्रणे काही कमी नाहीत. पन्नास वर्षे उलटली की कलावंताचा हा हक्क संपतो, पण नाट्यपदाचा कवी वा स्वररचनाकार ज्ञात असेल, तर त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा फीत प्रसिद्ध करण्यापूर्वी तीही तारीख तपासावी लागते.