कंसातलं वर्ष कोणतं?

एन्थोवेन यांचा ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’ हा तीन खंडांचा ग्रंथ मानववंशशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये हमखास येतो. ग्रंथालयात बहुधा त्याचं पुनर्मुद्रण हाती लागतं आणि विद्यार्थी त्यावरचं वर्ष कंसात टाकून मोकळे होतात. मूळ खंड १९२० ते १९२२ मधले, लेखक ब्रिटिश सनदी अधिकारी. नवं वर्ष टाकलं की हे दोन्ही झाकलं जातं. मग एखाद्या जमातीबद्दल ‘हे लोक असं करतात’ असं वाक्य येतं, आणि त्या जमातीतली मुलगी कदाचित तुमच्याच बाकावर बसलेली असते! म्हणून आम्ही सांगतो, मूळ वर्ष आधी, हातातल्या प्रतीचं त्यासोबत. आणि वाक्य भूतकाळात.

इरावती कर्वे यांचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ १९५३ साली डेक्कन कॉलेजनं काढलं, १९६५ मध्ये सुधारित आवृत्ती आली. दोन्हींतले पृष्ठक्रमांक जुळतीलच असं नाही. दुसऱ्याच्या तळटीपेतून पृष्ठ उचललं की फसलात. आम्हीही फसलो आहोत. मूळ पुस्तक पाहिलं नसेल तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं सरळ लिहावं, त्यात कमीपणा कसला?

आता शोधायचं कुठं? गूगल स्कॉलर आहेच, पण जुनी इंग्रजी स्पेलिंगंही टाकून पाहा. नुसतं ‘पुणे’ शोधाल तर ‘पूना’ सुटेल. अलीकडच्या कामासाठी शोधगंगेवरचे प्रबंध उघडा, आणि आधी त्यांची संदर्भसूची वाचा.