उन्हाळ्यातही फुलणारी कण्हेर

दारापुढं चार फुलझाडं असावीत, सकाळी देवाला घरची फुलं मिळावीत, ही हौस कोणत्या गृहिणीला नसते? पण बारामती-इंदापूरकडं ही हौस भागवणं सोपं नाही. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो, वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर. नीरेच्या डाव्या कालव्याखाली ऊस डोलतो खरा, पण कालव्यापासून दूरच्या जिरायती गावांत उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते. असं मिळालेलं पाणी गुलाबाला घालायला हात धजत नाही.

२०१८ साली पाऊस रुसला. २०१९ च्या उन्हाळ्यात माझा मोगरा, जास्वंद आणि दोन्ही गुलाब एकापाठोपाठ वाळले. कुंपणाकडेची कण्हेर मात्र गुलाबी फुलांनी लगडलेली होती. महिनाभरात तिला मी तांब्याभरही पाणी घातलं नव्हतं!

याचं गुपित तिच्या पानात आहे. पान जाड, चिवट, वरून मेणचट. पानाची श्वास घ्यायची छिद्रं खालच्या बाजूला बारीक खळग्यांत दडलेली असतात आणि त्यांवर लव असते. त्यामुळं पाणी फारसं उडून जात नाही. झाड बारमाही हिरवं राहतं, रस्त्याकडेची धूळ आणि झळा सोसतं. म्हणून तर महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेरच लावलेली दिसते.

लागवड

रोप विकत आणायची गरजच नाही. जून-जुलैत मैत्रिणीकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची जून फांदी आणा. खालची पानं काढून निम्मी फांदी वाळूमिश्रित मातीत खोचा आणि कुंडी सावलीत ठेवा. महिन्याभरात मुळं धरतात. मग दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत भरा व रोप लावा. कुंपणासाठी दोन रोपांत चार-पाच फूट अंतर ठेवा. मुरमाड जमीन चालते, थोडी खारवट, चोपणही चालते. पाणी साचून राहिलेलं मात्र चालत नाही. जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत नुसती पानंच वाढतात.

पहिलं वर्ष आठवड्यातून एकदा पाणी द्या. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी पुरतं. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी दोन बादल्या दिल्या तरी पुष्कळ. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो. पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो जातो.

फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. म्हणून फुलांचा बहर ओसरला की एक तृतीयांश छाटणी करावी.

आणि इथंच माझी मोठी चूक झाली.

पहिल्या छाटणीनंतर फांद्या मी कुंपणाबाहेर टाकून दिल्या. ओली कण्हेर कडू असते, जनावर सहसा तोंड लावत नाही. पण वाळली की तो कडूपणा तितका जाणवत नाही, विष मात्र तसंच राहतं. शेजारच्या मावशींच्या शेळीनं ती वाळकी पानं खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. त्या घरातलं दूध त्या एका शेळीचं होतं. मावशी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. मी शेळीचे पैसे दिले, पण त्यांच्या दारावरून जाताना आजही मान खाली जाते.

सासूबाई म्हणाल्या, "उपटून टाक ती." मी उपटली नाही, पण तेव्हापासून काही नेम कडक पाळते. ते तुम्हीही पाळा.

कण्हेरीचं पान, फूल, खोड, मूळ, सारंच विषारी. ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. छाटताना हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा. फांद्या जाळू नका, धूरही बाधतो. चुलीला किंवा दातणाला तर ती नकोच. छाटण खोल खड्ड्यात पुरून टाका. फुलं देवाला जरूर वाहा, पण नैवेद्यात, तीर्थात पडू देऊ नका. केरळात मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळानं नैवेद्य-प्रसादात ही फुलं वापरणं बंदच केलं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी हे झाड निराळं, पण तेही विषारी. तिच्या बिया मुलं खेळायला घेतात, तिकडं लक्ष असू द्या.

मुलानं पान-फूल चावलंच तर उलटी करवण्यात किंवा घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, झाडाची फांदी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

घरात रांगतं मूल असेल किंवा दारात शेळ्या-गाई मोकळ्या फिरत असतील, तर सरळ बोगनवेल लावा. तीही कमी पाण्यावर फुलते. नसतील, तर कण्हेरीसारखी सोबतीण नाही. मात्र छाटणीच्या दिवशी शेजारणीला आधी हाक मारून सांगायचं, एवढं विसरू नका.