जुन्या मोटारींतील पर्यायी डिस्ट्रिब्युटर

पर्यायी डिस्ट्रिब्युटर म्हणजे पेट्रोल इंजिनातील मूळ डिस्ट्रिब्युटरच्या जागी बसवण्यासाठी मोटार उत्पादकाव्यतिरिक्त इतरांनी बनवलेला सुटा भाग होय. मूळ भाग झिजल्यावर किंवा मिळेनासा झाल्यावर जुन्या मोटारींचे मालक त्याचा आधार घेतात.

कार्य

इग्निशन कॉइलमध्ये निर्माण होणारा उच्च दाबाचा विद्युत्प्रवाह योग्य क्षणी योग्य स्पार्क प्लगपर्यंत पोहोचवणे हे डिस्ट्रिब्युटरचे काम असते. चार-धावी इंजिनात त्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याला सेकंदाला १०० ठिणग्या द्याव्या लागतात. जुन्या पद्धतीत कॉन्टॅक्ट पॉइंट उघडताच ठिणगी पडते; पॉइंट झिजले की टायमिंग सरकते. बहुतेक पर्यायी डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी चुंबकीय संवेदक असतो, त्यामुळे ही झीज टळते. खरेदीदाराला भुरळ पडते ती मुख्यतः याच गुणाची.

ठिणगीची आगाऊ वेळ

ठिणगी दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी पडावी लागते आणि वेग वाढतो तशी ती अधिक आधी पडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरमधील स्प्रिंग लावलेली वजने करतात. काही इंजिनांत याशिवाय निर्वात पडदाही असतो. हलक्या भाराखाली तो ठिणगी आणखी आधी आणतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मागे सरतो. वेगानुसार ठिणगी किती आधी पडावी, याचा आलेख प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. म्हणून पर्यायी डिस्ट्रिब्युटरची खरी कसोटी ठिणगीच्या जोरापेक्षा या आलेखात आहे. खाचेत नेमका बसलेला भागही इंजिनाला अयोग्य ठरू शकतो.

फोक्सवॅगन बीटल हे याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या अनेक मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये निर्वात पडदा होता. हौशी मालकांनी त्या जागी बॉशचा ‘००९’ हा केवळ वजनांवर चालणारा प्रकार बसवला आणि कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळू लागली. याउलट दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये पडदा नव्हताच.

नाशिक आणि कसारा घाट

नाशिकचे मोठे नाव असलेला मायको, म्हणजे आताचा बॉश, कारखाना डिझेल इंजिनांच्या इंधन-फवारणीच्या भागांसाठी ओळखला जातो. डिझेल इंजिनाला डिस्ट्रिब्युटर लागतच नाही. शहराचा या विषयाशी खरा संबंध येतो तो रस्त्यामुळे. मुंबईहून नाशिकला येणारी मोटार कसारा घाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीवरील इगतपुरीला पोहोचते. या चढणीवर इंजिन तापलेले, थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडा आणि वेग कमी असतो. अशा वेळी आलेख चुकीचा असेल व ठिणगी फार लवकर पडली, तर इंजिन नॉक करू लागते. हा धातूचा बारीक टकटकाट चालकाने दुर्लक्षित केल्यास दट्ट्या किंवा हेड गॅस्केट निकामी होऊ शकते. ठिणगी उशिरा पडली तर गाडीची ओढ कमी होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. गॅरेजमध्ये मंद गतीवर लावलेले टायमिंग अचूक असले तरी हा दोष दिसत नाही. त्यासाठी टायमिंग लाइटने वाढत्या वेगावरही तपासणी करावी लागते.

बसवताना

रोटर फिरण्याची दिशा आणि दांड्याच्या टोकाची रचना मूळ भागाशी जुळावी लागते. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते; ऋण अर्थिंगसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक संच तेथे जोडताच जळू शकतो. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचा संच चालत नाही, आणि कॉइलचा रोध ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असल्यासही संच निकामी होतो.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात जपलेले वाहन ‘विंटेज’ ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. डिस्ट्रिब्युटर काही बोल्ट सोडवून बदलता येतो आणि मूळ भाग पुन्हा बसवताही येतो. त्यामुळे काढलेला भाग जपून ठेवणे शहाणपणाचे असते. त्यातील झिजलेले बुशिंग आणि सैल स्प्रिंग बदलून तो दुरुस्त करणे पुष्कळदा शक्य असते, आणि आलेख जुळवण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग ठरतो.